हेड उघडण्याआधी

धुळे,
१८ मे

प्रिय भास्कर,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र आणि एस्टिमेटचा कागद, दोन्ही मिळालं. तू लिहितोस, ट्रक रिकामा असताना तापत नाही. केळी भरून शिरपूर सोडलं की पळासनेरच्या पुढे, बिजासन घाटाच्या चढाला काटा लालमध्ये जातो, टाकीतून पाणी फेकतं आणि खेपेला चार-पाच लिटर पाणी ओतावं लागतं. वर्कशॉपनं आधी रिकामी गाडी यार्डात अर्धा तास चालू ठेवून ‘ओके’ लिहिलं, आणि दुसऱ्या वेळी एकदम ‘हेड गॅसकेट’ (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधली सील). मधली तपासणी कुठल्याच कागदावर नाही. म्हणून सांगतो, गॅसकेट का गेलं हे त्यांनी लिहून दिल्याशिवाय हेड उघडू देऊ नकोस. गेलं असेलही, पण मूळ कारण तसंच राहिलं तर नवं गॅसकेटही त्याच घाटात जाईल.

पहिली तपासणी फुकटची आहे. पहाटे इंजिन गार असताना पाण्याच्या टाकीचं झाकण काढ (गरम गाडीचं झाकण उघडायचं नाही, उकळी तोंडावर येते), ब्रेकच्या हवेच्या टाक्या पूर्ण रिकाम्या कर आणि इंजिन चालू कर. पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले तर कुठून तरी वायू पाण्यात शिरतोय. झाकण लावून पुन्हा पाहा. इंजिन अजून गारच असताना रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) एक-दोन मिनिटांत दगडासारखा कडक झाला तर शंका पक्की.

इथंच बरेच फिटर फसतात. ट्रकचा एअर कॉम्प्रेसर बहुधा इंजिनच्याच पाण्यानं गार होतो. त्याचं हेड किंवा छोटं गॅसकेट गेलं तर ब्रेकची हवा पाण्यात शिरते, पाणी बाहेर ढकलते आणि लक्षणं हुबेहूब हेड गॅसकेटची दिसतात. हवा भरत असताना बुडबुडे जोरात येतात का, आणि टाक्या भरून अनलोडर (जादा हवा सोडणारा व्हॉल्व्ह) फुस्स झाला की कमी होतात का, ते पाहा. कमी झाले तर आधी कॉम्प्रेसर धरायचा. खात्रीसाठी कॉम्प्रेसरच्या पाण्याच्या दोन्ही नळ्या काढून, तोंडं बंद करून इंजिन थोडा वेळच चालवायचं. बुडबुडे थांबले तर तुझं मोठं हेड वाचलं. कॉम्प्रेसरचं काम काही तासांचं आहे आणि खर्चही त्या मानानं किरकोळ.

दुसरी खूण निळ्या द्रवाच्या टेस्टरची. टाकीच्या तोंडावर नळी बसवून आतली हवा त्या द्रवातून ओढतात. जळालेल्या वायूतल्या कार्बन डायऑक्साइडनं रंग हिरवट-पिवळा होतो. कॉम्प्रेसरच्या साध्या हवेनं बदलत नाही. कूलंट मात्र नळीत ओढला जाऊ देऊ नये. तुझी गाडी बीएस ६ आहे आणि तिला ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडायचा जळालेला वायू पाण्यानं गार करणारा) असेल तर रंग बदलला तरी घाई नको. तो कूलर आतून फुटला तरी जळालेला वायू पाण्यात येतो, किंवा पाणी सायलेन्सरमधून पांढरा धूर होऊन जातं. त्याची वेगळी प्रेशर टेस्ट मागायची. ऑईल दुधाच्या चहासारखं झालं तर पाणी आत गेलंय. पाण्यावर नुसतं ऑईल तरंगत असेल तर ऑईल कूलरही बघायला सांग.

आता गाडी मुळात तापते का ते बघू. लोडवरच तापणारी गाडी म्हणजे बहुतेक वेळा हवा कमी किंवा पाणी कमी. कापसाच्या जिनिंगच्या आवारात उभ्या राहणाऱ्या गाड्यांचा इंटरकूलर (टर्बोची हवा गार करणारी जाळी) आणि रेडिएटर यांच्यामधली फट बघितलीस कधी? समोरून जाळी स्वच्छ दिसते. इंटरकूलर सोडवून बाजूला केला की मागे कापसाचे पुंजके, धूळ आणि ब्रीदरचं (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीचं) तेल यांची गोधडी निघते. पाइप समोरून मारला तर ती आणखी घट्ट बसते; इंजिनच्या बाजूनं बाहेरच्या दिशेला, कमी दाबाचं पाणी मारायचं. प्रेशर वॉशर जवळ धरला की पत्र्याचे पंख मुडपतात आणि वाट कायमची बंद होते.

फॅन व्हिस्कस (तेलाच्या क्लचवर फिरणारा) असेल तर गरम इंजिन बंद करून, किल्ली काढून हातानं फिरव. जड फिरायला हवा. गरगर फिरला तर क्लचमधलं सिलिकॉन तेल गेलं. टाकीचं झाकणही तपास, स्वस्त असतं म्हणून कुणी बघत नाही. साधं पाणी उघड्यावर १०० अंशांना उकळतं, झाकणानं १ बार दाब धरला तर १२० ला. स्प्रिंग मेली की मे महिन्यात गॅसकेट शाबूत असूनही गाडी पाणी फेकणारच.

आणि एक, तुझ्या क्लिनरनं उन्हाळा म्हणून थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) काढून टाकलाय का, ते विचार. आपल्याकडे हे सर्रास करतात. पुष्कळ इंजिनांत तो वरची वाट उघडताना खालची बायपासची वाट झाकतो. तोच काढला तर बरंचसं पाणी रेडिएटरकडे न जाता पंपाकडे परत फिरतं आणि चढाला गाडी उलट जास्त तापते. तपासायला पातेल्यात पाणी, थर्मामीटर आणि थर्मोस्टॅट. त्यावर छापलेल्या अंशाला, बहुधा ८२ च्या आसपास, तो उघडायला लागला पाहिजे.

बोअरचं पाणी टाकणं बंद कर. घरातल्या पाणी तापवायच्या भांड्याला पांढरा थर चढतो, तोच ब्लॉकमध्ये चढतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं, किंवा तयार मिसळलेला कूलंट; त्याची बिलं जपून ठेव, का ते पुढे सांगतो.

एवढं होऊनही हेडच निघालं तर उभं राहून करून घे. इंजिन पूर्ण गार झाल्यावर, बोल्ट कडेकडून मध्याकडे, थोडे थोडे सैल करायचे. हेडवर सरळ पट्टी लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर ठेवून फिलर गेजनं वाक मोजायचा. मर्यादा तुझ्या इंजिनच्या मॅन्युअलची, मिस्त्रीच्या अंदाजाची नाही. व्हॉल्व्ह सीटच्या मधली चीर डोळ्यांना दिसत नाही. गरम पाण्यात प्रेशर टेस्ट करून घे. हेड घासलं तर व्हॉल्व्ह किती खोल बसलेत ते पुन्हा मोजायला लाव, नाहीतर पिस्टनला भिडतील. काही इंजिनांचं हेड घासायला कंपनीची परवानगीच नसते.

सर्वांत जास्त दुर्लक्ष ब्लॉककडे होतं. लायनर (ज्यात पिस्टन चालतो ती नळी) वेट, म्हणजे बाहेरून पाण्यानं वेढलेले, असतील तर त्यांची कड ब्लॉकपेक्षा केसभर वर असते. डायल गेजनं सगळेच मोजायचे, हिशेब शतांश मिलिमीटरचा आहे. एक लायनर खाली बसला असेल तर कितीही महाग गॅसकेट तिथं दाब धरत नाही. जुना मळ काढायला ग्राइंडरची एमरी चकती लावू देऊ नकोस, तिचा कण ऑईलमध्ये गेला की बेअरिंग खातो. बोल्टच्या भोकांतलं तेल-पाणी हवेनं साफ करायचं. तळ बंद असलेल्या भोकात द्रव राहिला तर बोल्ट आवळताना ब्लॉक तडकू शकतो. पोलादी पातळ थरांच्या गॅसकेटला शेलॅक, सिलिकॉन काही लावायचं नाही. बोल्ट मध्यापासून बाहेर, टप्प्याटप्प्यानं टॉर्क पान्यानं आणि मग ठरलेल्या कोनाच्या अंशात फिरवून आवळायचे. अंशात ताणलेले बोल्ट कंपनी नवे घ्या म्हणत असेल तर नवेच. परत वापरायची मुभा असेल तर लांबी मोजून. नंतर टॅपेटची फट, नवं ऑईल-फिल्टर, आणि हवा निघायचा स्क्रू उघडा ठेवून पाणी हळूहळू भरायचं.

आता वर्कशॉप. जॉब कार्डवर ‘चेक ओव्हरहीटिंग’ लिहून देऊ नकोस. असं लिही: ‘भरल्या गाडीत, घाटात तापमान लालमध्ये जातं, दर खेपेला ४-५ लिटर पाणी कमी होतं’, पुढे किलोमीटर आणि तारीख. ट्रायल लोडवर घ्यायला सांग, सुपरवायझर शेजारी बसवून. इसीयूमधले (इंजिनच्या कॉम्प्युटरमधले) तापमानाचे फॉल्ट कोड छापून घे, हेडचा वाक आणि लायनरची मापं आकड्यांत लिहून घे, जुने पार्ट ताब्यात घे. ‘ड्रायव्हरनं तापवली, वॉरंटी नाही’ असं म्हणाले तर तेही लेखी माग. तिथं कूलंटची बिलं कामाला येतात.

सर्व्हिस मॅनेजरनं ऐकलं नाही तर कंपनीच्या विभागीय कार्यालयाला ईमेल, मग ग्राहक हेल्पलाइन १९१५. व्यवसायाची गाडी म्हणून तक्रार चालणार नाही असं तुला घाबरवतील. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, निव्वळ स्वयंरोजगारानं पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू ‘व्यापारी हेतू’च्या अपवादात मोडत नाही, आणि तू एकाच गाडीवर स्वतः स्टिअरिंगला असतोस. तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं.

उद्या पहाटे गाडी सुरू करायच्या आधी झाकण काढ, आणि अनलोडर फुस्स झाल्यावर बुडबुडे थांबले की नाही तेवढं संध्याकाळपर्यंत कळव. तोवर एस्टिमेटवर सही करू नकोस. वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुभाष