डब्यातल्या चिठ्ठ्यांबद्दल, काकाजींना

काकाजी, सादर नमस्कार.

नागपूरच्या धरमपेठ-गोकुळपेठेत मी बावीस डबे देते. त्यात तुमचा एकच डबा रोज घासूनपुसून परत येतो. त्या दिवशी त्यात घडी घातलेला कागद निघाला, तेव्हा मला वाटलं, वरणात मीठ जास्त पडलं असणार. कागदावर निळ्या शाईत लिहिलं होतं, 'पोरगा सांगत होता, तुमचं कर्ज नाकारलं म्हणून. काहून नाकारलं? रिपोर्टाची झेरॉक्स उद्याच्या डब्यासोबत पाठवा. ओरिजनल नको.'

तोंडावर आभार मानले तर तुम्ही हात झटकून 'जाऊ द्या हो' म्हणाल. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे.

मला कणीक मळायचं मशीन घ्यायचं होतं. पतसंस्थेतल्या साहेबांनी स्क्रीनकडे बघून सांगितलं, सिबिल, म्हणजे कर्ज फेडल्या-न फेडल्याच्या नोंदींचा रिपोर्ट, खराब आहे. माझं आयुष्यातलं एकच कर्ज, फ्रिजचं, तेही फेडलेलं. शरमेनं मी घरीसुद्धा दोन दिवस सांगितलं नाही. जणू मीच काही केलं होतं.

रिपोर्ट तुम्ही कसा वाचला, ते मी विसरणार नाही. ३०० ते ९०० मधला तो आकडा, ज्याच्यावरून मी रडत होते, तो तुम्ही बघितलाही नाही. थेट आतली पानं काढलीत. ३८,००० आणि १२,५०० अशी दोन कर्जं, मोबाइलच्या ॲपवरून काढलेली. पॅन माझा, मोबाइल नंबर दुसऱ्याचा, पत्ता मी कधी न गेलेल्या शहरातला. मग शेवटच्या पानावर एन्क्वायरीच्या, म्हणजे कर्ज देण्याआधी कुणी रिपोर्ट तपासला त्याच्या, रकान्याखाली लाल रेघ मारून म्हणालात, "हे पाहा, कर्जाच्या दोन दिवस आधीची तारीख. चोर पहिले दार वाजवून पाहून गेला." पस्तीस वर्षं बँकेत लेजर पाहिलेल्या माणसाची नजर ती.

त्याच आठवड्यात वसुलीवाल्याचा फोन आला. मी पोळ्या लाटत होते, फोन खांद्याला लावलेला. तो म्हणाला, मॅडम, अर्धे भरा, सेटल करून टाकू. खरं सांगते, मी भरणार होते. पंचवीस हजारांत कटकट मिटते असं वाटलं. दुसऱ्या दिवशी तुमची चिठ्ठी, अक्षर नेहमीपेक्षा मोठं: 'एक रुपयाही भरायचा नाही. भरलं की कर्ज तुमचं झालं. वरून सेटल्ड हा शेरा वर्षानुवर्षं राहतो. कर्ज देणारा तो पाहिल्यावर पुढचं वाचत नाही.' ती चिठ्ठी मी डाळीच्या डब्यावर चिकटवली आहे.

मग सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन, सायबर पोलिसांत तक्रार, त्या तक्रारीची प्रत कर्ज देणाऱ्या कंपनीला. आणि सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क अशा कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्यांकडे वेगवेगळे अर्ज. मी वैतागले तेव्हा तुम्ही अमेरिकेतल्या मुलीचं सांगितलंत. तिथे आपल्या कर्जाच्या नोंदीवर फसवणुकीचा इशारा लावायचा तर अशा तीनपैकी एका कंपनीला सांगितलं की ती बाकीच्या दोघींना कळवते, आणि तो एक वर्ष राहतो. पण मुदतीआधी काढायचा झाला तर तिघींचं दार वेगवेगळं ठोठवावं लागतं. "म्हणजे तिकडेही लावणं सोपं, काढणं कठीण," तुम्ही म्हणालात, आणि आपण दोघं हसलो. बऱ्याच दिवसांनी हसले होते मी.

खरी मेहनत दिवस मोजण्याची होती. सिबिलसारखी कंपनी स्वतःहून काही पुसत नाही, ती कर्ज देणाऱ्याला विचारते. त्याला दुरुस्ती पाठवायला २१ दिवस, आणि सगळं मिळून ३० दिवस. त्यापुढे रोजचे १०० रुपये तक्रारदाराला, हा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासूनचा. संविधान चौकातल्या रिझर्व्ह बँकेच्या इमारतीसमोरून मी इतकी वर्षं ऑटोनं जाते, तिथल्या नियमाचा माझ्या पोळ्यांशी संबंध असेल असं कधी वाटलं नव्हतं. रिकाम्या डब्यात रोज आकडा यायचा. '१२.' '१३.' एकविसाव्या दिवशी, 'मेल आली काय?' नव्हती आली. मग तुम्ही मेलचा मजकूर लिहून दिलात, तीन ओळींचा, त्यात एकही विनंती नव्हती.

सदतिसाव्या दिवशी दोन्ही कर्जं रिपोर्टातून पुसली गेली. मी पेढे आणले. तुम्ही पेढा हातात धरूनच पुन्हा चारही रिपोर्ट मागवायला लावलेत. वर्षातून एकदा प्रत्येकीकडून फुकट मिळतो आणि आपला आपण पाहिल्यानं स्कोअर घटत नाही, हेही तेव्हाच कळलं. एका रिपोर्टात चोराचा मोबाइल नंबर अजून माझ्याच नावाखाली होता. मला ते किरकोळ वाटलं. तुम्ही रागावलात. "तुमचा रिपोर्ट कुणी उघडून पाहिला की इशाऱ्याचा एसेमेस जातो. तो कुणाच्या नंबरावर जाईल? चोराच्या!" मी गप्प. तो नंबर काढायला आणखी एक अर्ज आणि आणखी एक मोजणी. आता तिथे माझा नंबर आहे, आणि पतसंस्थेनं परवा रिपोर्ट पाहिला तेव्हा एसेमेस मलाच आला. पॅनच्या झेरॉक्सवर आता मी आडवं लिहिते, 'फक्त मशीनच्या कर्जासाठी', खाली तारीख.

उशिराच्या सात दिवसांचे ७०० रुपये खात्यात आले. ते मी तुमच्या डब्यात ठेवले, तर दुसऱ्या दिवशी जसेच्या तसे परत, रबरबँडसकट. त्याचं मी काय केलं ते सांगणार नाही, पण या महिन्याच्या तुमच्या बिलात सात डबे कमी दिसतील. भांडायचं नाही.

मशीन आलं. पहिल्या दिवशी बावीस घरी पोळ्या गेल्या, एकवीस जणांनी काही कळवलं नाही. तुमच्या डब्यात चिठ्ठी होती: 'पोळी कडक. मशीनला पाणी जास्त लागत असेल.'

आज पाणी वाढवलं आहे, काकाजी. खाऊन सांगा.

तुमची,
डबेवाली ताई