स्वारगेटच्या रिक्षावाल्या काकांना

काका, नमस्कार.

निघताना तुम्ही एकच अट घातली होती, "ताई, माझं नाव कुठं टाकू नका." म्हणून नाव लिहीत नाही. तुमचा फोन बोलण्यापुरताच आहे, पण सूनबाई त्यांच्या मोबाइलवरचं वाचून दाखवतात असं तुम्हीच सांगितलं होतंत. तेव्हा हे तुमच्या कानावर जाईल याची मला खात्री आहे. सूनबाईंना विनंती, मोठ्यांदा वाचा, आणि काका मध्येच "पुरे, पुरे" म्हणाले तरी थांबू नका.

वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं सांगते. आम्ही परभणीचे. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४३-४४ वर जातो आणि लेकरं दिवसभर कूलरसमोर बसून असतात. दोन वर्षांपासून खोपोली-पाली रस्त्यावरच्या इमॅजिकाला न्यायचं कबूल केलं होतं. थोरला अकरा वर्षांचा, धाकटी सात. रविवारी थीम पार्क, सोमवारी तिथलाच वॉटर पार्क, मंगळवारी रात्रीच्या रेल्वेने परत. मुक्काम पुण्यात, स्वारगेटजवळच्या एका साध्या लॉजवर. रविवार फार छान गेला. थोरला नायट्रोच्या रोलरकोस्टरमधून उतरला तेव्हा त्याचे पाय लटपटत होते आणि तोंड मात्र बंद होत नव्हतं. धाकटीची उंची तिथल्या पट्टीला कमी पडली, ती रुसली, मग डायनासोरच्या होडीत चिंब भिजून पुन्हा हसायला लागली.

रात्री अकराच्या पुढे लॉजवर पोचलो. झोपलेल्या धाकटीला खांद्यावर घेऊन हे जिना चढत होते आणि शेवटून दुसऱ्या पायरीवर पाऊल चुकलं. लेकराला धक्का लागू दिला नाही, पण सगळा भार उजव्या घोट्यावर आला. खाली रस्त्यावर मी धावत आले तेव्हा तुम्ही रिक्षा घरी न्यायच्या तयारीत होतात, पुढच्या काचेवर फडकं मारत होतात.

काका, एक गोष्ट मनात राहिली आहे, ती आज बोलून टाकते. त्या रात्री मी सारखी मीटरकडे बघत होते. परकं शहर, अपरात्र, एक माणूस विव्हळतोय, आणि माझ्या डोक्यात एकच, हे किती पैसे सांगतील? तुम्ही आरशातून ते पाहिलं असणार. दवाखान्यापाशी उतरल्यावर मीटरचे तेवढेच पैसे घेतलेत, व्हीलचेअर स्वतः आणलीत आणि एक्स-रे होईपर्यंत झोपाळलेल्या धाकटीला रिक्षाच्या मागच्या सीटवर निजवून तिच्याजवळ बसून राहिलात. माझ्या त्या नजरेबद्दल मला माफ करा.

घोट्याच्या हाडाला बारीक चीर निघाली. अर्धं प्लास्टर घातलं. पाय उंच ठेवायचा, सूज उतरतेय का ते शुक्रवारी बघू, तोवर लांबचा प्रवास नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. दोन दिवसांची सहल एका झटक्यात आठवड्याची झाली. लॉजवाल्यांनी तळमजल्यावरची खोली दिली, त्यांचेही उपकार आहेत.

सोमवारची सकाळ मी विसरणार नाही. वॉटर पार्कची तिकिटं वाया गेली होती. धाकटीने पोहायचा पोशाख घातला होता आणि ती तो काढायला तयार नव्हती. थोरला भिंतीकडे तोंड करून पडलेला. यांना दुखण्यापेक्षा लेकरांची सहल आपल्यामुळे मोडली याचंच जास्त लागलं होतं. नऊ वाजता दारावर टकटक झाली. तुम्ही. हातात चहाचा थर्मास. "साहेबांना झोप लागली का, तेवढं विचारायला आलो." मग पोशाख घातलेल्या धाकटीकडे बघून खाली बसलात आणि तिला विचारलंत, "तू आली कशाला होतीस गं पुण्याला?" ती म्हणाली, "झोके आणि गाड्यांत बसायला." "मग पुण्यात गाड्या काय कमी आहेत होय?"

त्या दिवशी तुम्ही कुठे नेलं नाहीत. आधी आईला चार तास झोपू द्या, असं लेकरांना बजावून गेलात आणि संध्याकाळी अप्पा बळवंत चौकातून एक शंभर पानी वही घेऊन आलात. ती वही आमच्या पुढच्या चार दिवसांची सगळी जान होती, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहिते. तुमचा नियम असा: बाबा खोलीत पडून आहेत, म्हणजे बाबांची सहल आता तुमच्या डोळ्यांनी व्हायची. रोज जिथे जाल तिथल्या तीन गोष्टी वहीत. लिहा नाहीतर काढा, पण बाबांना मोबाइलवर सापडेल असं काही चालणार नाही. दुपारी परत आल्यावर बाबा परीक्षा घेणार.

मंगळवारी पेशवे पार्कातली फुलराणी, म्हणजे लेकरांची छोटी आगगाडी. थोरला नायट्रोतून ताजा उतरलेला, त्याला ही बारक्या पोरांची गाडी वाटली आणि त्याने तसं तोंडावर म्हटलं. मला लाज वाटली. तुम्ही रागावला नाहीत. १९५६ पासून ही गाडी इथे आहे, तुम्ही स्वतः तुमच्या वडिलांच्या मांडीवर बसून तिच्यात फिरलात आणि तेव्हा इथे प्राणिसंग्रहालय असल्याने जवळच वाघ असायचे, एवढंच सांगितलंत. मग त्याला काम दिलंत, "गाडी हलते तेव्हा पहिल्यांदा काय ऐकू येतं, ते बाबांना सांग." तो डोळे मिटून बसला. त्याचं त्या दिवशीचं पान असं आहे: "शिट्टी नाही. आधी मागच्या डब्यातल्या आजीच्या बांगड्या वाजल्या." यांनी ते वाक्य तीनदा वाचायला लावलं.

तिथून चालत सारसबागेत गेलो. तिथल्या गणपतीला तळ्यातला गणपती का म्हणतात, आणि थंडीत त्याला स्वेटर आणि कानटोपी घालतात, हे तुम्ही सांगितलंत तेव्हापासून धाकटी आमच्या देवघरातल्या गणपतीसाठी लोकर मागते आहे.

बुधवारी कात्रजला जायचं म्हणून लेकरं तयार होऊन बसली. पण प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असतं. तुम्हाला ते माहीत होतं म्हणून आमचा हेलपाटा वाचला. त्याऐवजी बाजीराव रस्त्यावरचं राजा दिनकर केळकर संग्रहालय. तुम्ही बाहेर थांबतो म्हणालात. मी तिकिटं काढायला गेले तेव्हा कळलं, तीस वर्षं या दारात माणसं सोडली, पण आत पाऊल टाकलेलं नाही. त्या दिवशी मी चौथं तिकीट काढलं. एवढ्या दिवसांत मला तुमच्यासाठी करता आलेली ती एकच गोष्ट.

दिनकर केळकरांनी आयुष्यभर गावोगाव फिरून सुमारे वीस हजार वस्तू जमवल्या आणि लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं, नाव संग्रहाला दिलं. हे मी लेकरांना वाचून दाखवत होते आणि मागे वळून पाहिलं तर तुम्ही दिव्यांच्या कपाटापाशी थांबला होता. समया, लामणदिवे, हातातले दिवे. तुम्ही काचेला हात लावत नव्हतात, पण बोट हवेतच एका दिव्याच्या कडेवरून फिरवत होतात. "आमच्या आईचा असाच होता. भांडीवाल्याला दिला," एवढंच म्हणालात. थोरल्याने त्या दिवशी वहीत तोच दिवा काढलाय. धाकटीने अडकित्ते काढले, कारण सुपारी कातरायच्या वस्तूला कुणी एवढं नटवावं हे तिला पटतच नव्हतं. (लहान लेकरं घेऊन जाणाऱ्यांना सांगते, दीड तास पुरे. सगळं बघायचा हट्ट धरू नका.)

येताना मंडईपासून मेट्रो. मुठा नदीच्या खालून गाडी जाते हे ऐकल्यावर थोरल्याने खिडकीला कान लावला, पाण्याचा आवाज येतो का बघायला. जिल्हा न्यायालयाच्या स्टेशनवर उतरलो, ते जमिनीखाली जवळपास ३३ मीटर आहे. सरकत्या जिन्यांवरून दोन्ही लेकरं वर-खाली करत राहिली. परत फिरून स्वारगेटला आलो तर तुम्ही रिक्षा घेऊन आमच्या आधीच तिथे.

गुरुवारी कात्रज झालं. १३० एकरांचा परिसर, उन्हाच्या आत सकाळीच उरकला. पेशवे पार्कातले प्राणी नंतर इकडे हलवले, हे तुम्ही सांगितल्यावर धाकटीने प्रत्येक पिंजऱ्यापाशी विचारलं, "हा फुलराणीजवळ राहायचा का?"

त्या दुपारी तुम्ही सुतळीचा तुकडा घेऊन खोलीत आलात. यांच्या प्लास्टरच्या पायाला टाचेपासून गुडघ्याच्या वरपर्यंत माप लावलंत, एक गाठ मारली, रुंदीला दुसरी गाठ. काय चाललंय ते सांगितलं नाहीत. शुक्रवारी दवाखान्यात न्यायला आलात तेव्हा रिक्षात एक फळी होती. मागच्या सीटपासून तुमच्या सीटच्या पाठीपर्यंत बरोबर बसणारी. चारही कोपरे पॉलिश पेपरने घासून गोल केलेले. वर जुन्या गोधडीचा तुकडा, कडेने दोऱ्याने टाचलेला. ते काकूंनी रात्री बसून टाचलं हे नंतर कळलं. मी त्या टाक्यांवरून हात फिरवला तेव्हा एकही गाठ वरच्या बाजूला लागली नाही. पायाला टोचू नये म्हणून सगळ्या गाठी खालून घेतल्या होत्या. त्यांना मी भेटलेसुद्धा नाही. काकू, तुम्हालाही हे पत्र आहे.

डॉक्टरांनी सूज बघून शनिवारी जायला हरकत नाही म्हटलं. घड्याळात पावणेअकरा झाले होते आणि स्लीपरचं तत्काळ अकराला सुटतं. तुम्ही बरी रेंज येईल अशा झाडाखाली रिक्षा उभी केलीत आणि लेकरांना गप्प बसवलंत. दोन तिकिटं खालच्या बर्थची मिळाली, हे नशीबच.

मग तुम्ही विचारलंत, "साहेबांनी पुणं बघितलं का?" पाच दिवसांत यांनी लॉजचं छत आणि दवाखान्याची भिंत सोडून काही पाहिलं नव्हतं. त्या संध्याकाळी फळीवर पाय ठेवून हे रिक्षात बसले आणि लेकरांनी बाबांना पुणं दाखवलं. दोघंही चालत्या रिक्षात वही उघडून वाचत होती. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यासमोर तुम्ही रिक्षा कडेला घेतलीत, तर हत्तींनी धडक मारू नये म्हणून ते लोखंडी खिळे आहेत हे थोरल्याने तुमच्याआधी सांगितलं. सारसबागेबाहेर रिक्षातच भेळ खाल्ली. समोर पर्वतीवर दिवे लागले होते. हे बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "वॉटर पार्कला गेलो असतो तर मी दिवसभर यांच्या बॅगा सांभाळत बसलो असतो." त्या क्षणी यांच्या चेहऱ्यावरचा रविवारचा ताण गेलेला मी पाहिला.

स्टेशनवर तुम्ही फक्त मीटरचे पैसे घेतलेत. थांबल्याचे, वहीचे, फळीचे काही नाही. मी जबरदस्ती करायला लागले तेव्हा तुम्ही थोरल्याकडे हात केलात, "त्या वहीतलं दिव्याचं पान दे मला." त्याने ते पान पट्टीने सरळ फाडून दिलं.

आता इकडची खबर. प्लास्टर निघालं. हे काठीशिवाय चालतात, जिना उतरताना मात्र कठडा धरतात. घोट्याचा व्यायाम सकाळ-संध्याकाळ चालू आहे. थोरल्याने फाडलेल्या पानाच्या जागी तोच दिवा पुन्हा काढला, पण पहिल्यासारखा जमला नाही म्हणतो. आणि तुमची फळी आमच्याकडेच राहिली आहे. गडबडीत ती बर्थखाली गेली ती थेट परभणीला उतरली. धाकटी ती मांडीवर घेऊन अभ्यास करते, काकूंची गोधडी वरच्या बाजूला.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही येतोय. फळी घेऊन येतो. वॉटर पार्क राहिलाय, तो या वेळी करायचा आहे आणि धाकटीने सांगितलंय, तुमच्या नातीला सोबत घ्यायचं. सूनबाईंना विचारून तारीख कळवा.

तुमची,
परभणीची ताई