करवंटीतल्या विटकरी वडीबद्दल

आदरणीय काकू,

सप्रेम नमस्कार.

गणपतीत दर्शनाला आले होते त्या दिवशी तुमच्या न्हाणीत मी जे पाहिले, त्याविषयी तिथल्या तिथे बोलावे असे फार वाटत होते. पण घर पाहुण्यांनी भरलेले होते, तुमचे हात मोदकांच्या उकडीत होते आणि माझा गळा दाटून आला होता, त्यामुळे आरती घेऊन मी तशीच परतले. दोन महिने उलटले तरी ते मनातून जात नाही, म्हणून हे पत्र. तुमचे नाव घालायचे नाही हे तुम्ही बजावलेले आहे आणि ते मी पाळते आहे. पत्र मात्र उघड लिहिते आहे, कारण घरी साबण आणि मेणबत्त्या करायला शिकू पाहणाऱ्या माझ्यासारख्या अनेकींपर्यंत तुमची शिकवण्याची रीत पोचावी असे मला मनापासून वाटते.

तुमच्याकडे येण्याआधी मी काय शिकून आले होते हे तुम्हाला ठाऊक आहे, पण ते सांगितल्याशिवाय वाचणाऱ्यांना तुमचे मोल कळणार नाही. गेल्या जानेवारीत मी शहरात जाऊन दोन दिवसांचा एक वर्ग केला. फी २,८०० रुपये, राहण्याजाण्याचा खर्च वेगळा. साबणाच्या दिवशी शिकवणाऱ्यांनी सगळे मिश्रण आधीच तयार करून आणले होते; आम्ही वीसजणींनी त्यात रंग आणि सुगंध घातला, ते साच्यात ओतले, फोटो काढले आणि प्रमाणपत्रे घेऊन घरी आलो. कॉस्टिक सोडा, म्हणजे तेलाचा साबण करणारा जहाल क्षार, हा शब्द त्या दोन दिवसांत कोणी स्पष्ट उच्चारलासुद्धा नाही. त्याचे नाव नुसते ‘पावडर’. हातात दिलेल्या कागदावर लिहिले होते: अर्धा किलो खोबरेल तेल, अर्धी वाटी पावडर, एक वाटी पाणी. आणि वर ठळक अक्षरांत ‘केमिकल-फ्री साबण’.

घरी आल्यावर पहिल्या खेपेला मी त्या पावडरीचे पाणी अॅल्युमिनियमच्या पातेल्यात केले. भांडे असे काही फसफसले, त्यातून असा उग्र वाफारा उठला की मुलाला हाताला धरून मी अंगणात पळाले. पातेले आतून काळे पडले होते. अॅल्युमिनियमला कॉस्टिक चालत नाही, ते धातूला खाते आणि त्यातून हायड्रोजन वायू सुटतो, हे एक वाक्य त्या कागदावर असते तर तो प्रसंग आलाच नसता. दुसऱ्या खेपेला स्टीलच्या भांड्यात साबण जमला, घट्ट झाला, पांढराशुभ्र दिसला. सुनेच्या हातचा साबण म्हणून सासूबाईंनी तो कौतुकाने सगळ्यांच्या आधी वापरायला घेतला. तिसऱ्या दिवशी त्यांच्या बोटांच्या बेचक्यांतली कातडी सुटली. पुढचे चार-पाच दिवस त्यांना भाकरीचे पीठ मळता आले नाही. वर्ग घेणाऱ्यांना मी फोन केला तेव्हा उत्तर मिळाले, ‘आमच्याकडे सगळ्यांचा चांगला होतो, तुमच्याच घरच्यांच्या त्वचेला सवय नसेल.’ त्यानंतर त्यांनी माझा फोन उचलला नाही. सासूबाई मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत, आणि त्याचे तर मला अधिकच वाईट वाटत राहिले. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही आणि तो लपवावा असेही मला वाटत नाही. ज्यांनी पैसे घेऊन अर्धे सांगितले, त्यांनी माझे पैसे बुडवले याचे मला दुःख नाही. एका म्हाताऱ्या माणसाच्या हातांची त्यांनी साधी चौकशीही केली नाही, याचे आहे.

तुम्ही पहिल्यांदा काय विचारलेत ते तुम्हाला आठवते का? सासूबाईंनीच मला तुमच्याकडे धाडले होते. कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत तुमचा जन्म गेला, तेव्हा ‘ती एकदा बघूदे’ एवढेच त्या म्हणाल्या होत्या. मी ओट्यावर बसून पिशवीतून साबण आणि तो कागद काढला. तुम्ही साबणाकडे पाहिले नाहीत, कागदाकडेही नाही. ‘हात बरे झाले का त्यांचे?’ असे तुम्ही विचारलेत. मग वजनाचा काटा आणलात, माझ्याच हाताने अर्धी वाटी कॉस्टिकची पापडी भरून घेतलीत आणि वजन केलेत. १०४ ग्रॅम भरले. भिंतीवरच्या कॅलेंडरचे उलटून गेलेले पान फाडून तुम्ही त्याच्या पाठीवर मांडलेत: एक ग्रॅम खोबरेलाला ०.१८३ ग्रॅम सोडा लागतो, म्हणजे ५०० ग्रॅमला साडेएक्क्याण्णव. साडेबारा ग्रॅम सोडा साबणात मोकळा राहिला होता आणि तोच सासूबाईंच्या हातांना चावला होता. एरंडेलाला ०.१२८ पुरते, प्रत्येक तेलाची मागणी निराळी, आणि हिशेबाने येते त्याहून पाच टक्के सोडा कमीच घ्यायचा, म्हणजे थोडे तेल मोकळे राहते आणि कातडीला मऊ लागते. अर्ध्या किलो खोबरेलाला ८७ ग्रॅम, त्याहून जास्त नाही. ‘आणि वाटी तरी कुणाची? पापडी घेतलीस तर एक वजन, दाणे घेतलेस तर दुसरे. अंदाज भाजीत चालतो गो, साबणात नाही,’ असे तुम्ही म्हणालात. माझ्या हातून जे घडले होते ते का घडले, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा आकड्यांत दिसले. मी वाईट सून नव्हते आणि अडाणीही नव्हते, मला वजन सांगितले गेले नव्हते, हे कळल्यावर मनावरचे केवढे ओझे उतरले ते मी कसे सांगू!

मेच्या अखेरीस तुमच्या पडवीत मी जे शिकले ते सगळे इथे लिहीत बसत नाही, कारण ते पत्रातून शिकण्यासारखे नाही आणि कोणी तसा प्रयत्न करू नये. पण दोन गोष्टी सांगितल्यावाचून राहवत नाही. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यावर कधीही ओतायचे नाही, हे तुम्ही मला तीनदा माझ्याच तोंडून वदवून घेतलेत. डोळ्यांना प्रयोगशाळेतला जुना चष्मा बांधलात आणि अंगावर थेंब उडाला तर पंधरा मिनिटे नळाखालून हात काढायचा नाही असे सांगून मगच डबा उघडलात. आणि दुसरे, कॉस्टिकशिवाय साबण होतच नाही हे तुम्ही स्वच्छ सांगितलेत. वजन बरोबर असले आणि वड्या नीट मुरू दिल्या तर शेवटी त्यातला कणही कॉस्टिक म्हणून उरत नाही, हेही सांगितलेत. भीतीची गोष्ट भीतीची म्हणूनच सांगायची आणि मग तिच्यातून हात धरून पलीकडे न्यायचे, असे मला आजवर कोणी शिकवले नव्हते.

तुमच्याकडे केलेल्या त्या पहिल्या साबणात खोबरेल होते, थोडे एरंडेल होते आणि कोकमाचे मुठेल होते, तेच जे आमच्याकडे थंडीत भेगाळलेल्या टाचांना लावतात. मुठेलाने वडी टणक होते हे तुम्ही दाखवलेत. मिश्रणावर चमच्याने रेघ ओढायची आणि ती मोडली नाही म्हणजे ओतायची वेळ झाली, ती रेघ उमटायची वाट पाहत ढवळता ढवळता तुम्ही किती काय सांगत होतात! साबण आणि मेणबत्ती ही सख्खी भावंडे आहेत, कारण शेव्ह्रल नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने २०० वर्षांपूर्वी चरबी कशाची बनते हे साबणावरूनच उलगडले आणि १८२५ साली त्याच्या नि गे-ल्युसॅक या दुसऱ्या शास्त्रज्ञाच्या नावावर चरबीतून निघणाऱ्या स्टिअरिक आम्लाच्या मेणबत्तीचे पेटंटही झाले, हे मी तुमच्याकडून ऐकले. तोवर माझ्या लेखी ते दोन दिवसांच्या वर्गातले दोन वेगळे विषय होते.

हळद मात्र मी माझ्या हट्टाने घातली. पिवळीधमक वडी होईल अशी माझी कल्पना होती. तुम्ही अडवले नाहीत, नुसते म्हणालात, ‘घाल, बघ काय होते ते.’ मिश्रण डोळ्यांदेखत कुंकवासारखे लाल झाले. मी घाबरले, तेव्हा तुम्ही हसून विचारलेत की हळदीला चुना लावून कुंकू करतात, मग इथे दुसरे काय व्हायचे होते? सुकता सुकता तो लाल रंग विटकरी झाला, त्यात हळदीच्या गाठी राहिल्या, वर राखेसारखा पांढरा थर धरला आणि कापताना एका वडीचा कोपरा तुटला. दहा वड्या झाल्या होत्या. त्यांतली ती तुटक्या कोपऱ्याची, सर्वांत कुरूप वडी मी वेगळी काढली आणि ‘काकू, ही टाकून द्या’ असे सांगून बाकीच्या घेऊन घरी आले. त्या नऊ वड्या माझ्या कपाटात तशाच पडून राहिल्या. मुरण्याचे सहा आठवडे होऊन गेले, पावसाळी हवेसाठी तुम्ही वाढवून दिलेले दोन आठवडेही गेले, आकडे बरोबर आहेत हे मला ठाऊक होते, पण घरातल्या कोणाला त्यातली वडी द्यायला माझा हात पुढे होत नव्हता. सासूबाईंची बोटे डोळ्यांपुढून जात नव्हती.

मधल्या काळात जूनच्या वादळात दोन दिवस वीज गेली आणि तुम्ही मला मेणबत्तीकडे वळवलेत. माझ्या ग्लासातल्या मेणबत्तीची वात मधोमध विहीर खणून त्यात बुडून विझायची. ग्लासाच्या रुंदीला ती वात बारीक आहे, सुगंध आणि रंग बाजूला ठेव, आधी वेगवेगळ्या जाडीच्या वाती लावून कोणती काठापर्यंत मेण वितळवते ते बघ, असे तुम्ही सांगितलेत. पाच ग्लास आणि पाच वाती पेटवून आपण दोघी अंधारात बसलो होतो. ती संध्याकाळ मी विसरणार नाही, पण आज ते लांबवत नाही.

तर गणपतीचा दुसरा दिवस. पाय धुवायला म्हणून मी तुमच्या न्हाणीत गेले. दगडाशेजारी भोके पाडलेली करवंटी होती, साबणाचे पाणी निथळून जावे म्हणून तुम्ही ठेवता ती. तिच्यात तुमची नवी पांढरी वडी होती आणि तिच्या पाठीवर एक पातळ, नखाएवढ्या जाडीचा, विटकरी रंगाचा तुकडा दाबून चिकटवलेला होता. त्यात हळदीच्या दोन गाठी दिसत होत्या. अंगठ्याने दाबल्याचा खोलगट ठसा होता. झिजत आलेली वडी वाया जाऊ नये म्हणून नव्या वडीला चिकटवायची, हे आपल्याकडे घरोघरी करतात, त्यात नवल काहीच नाही. पण ती माझी वडी होती. टाकून द्या म्हणून मी तुमच्याकडे सोडून आलेली. भांडी घासायच्या जागी नव्हती, कपड्यांच्या दगडावर नव्हती; तुम्ही ती तुमच्या अंगाला लावत होतात, रोज, ती एवढी पातळ होईपर्यंत, आणि ती संपली तेव्हासुद्धा तुम्ही तिचा शेवटचा तुकडा फेकला नव्हता.

मी तो तुकडा ओला करून हाताला लावला. फेस आला. माझ्या साबणाने मी पहिल्यांदा हात धुतले ते तुमच्या घरी.

तुम्ही मला हे कधी सांगितले नाहीत. ‘मी वापरला, काही होत नाही’ असे चार शब्द बोलला असतात तर ते उपकार झाले असते आणि मी ते मानलेही असते. न बोलता तुम्ही जे केलेत त्याला काय म्हणावे ते मला सुचत नाही. तुमची कातडी काही निब्बर नव्हे. साठी कधीच उलटली आहे. माझ्यावर विश्वास टाकण्याचे तुम्हाला काही कारण नव्हते, फी तुम्ही घेतली नव्हती आणि माझे प्रमाणपत्र तुम्ही द्यायचे नव्हते. जगात सज्जन माणसे असतात असे लहानपणापासून ऐकत आले, पण सज्जनपणा इतका बिनबोभाट असतो, कोणी पाहावा म्हणून तो केलेला नसतो आणि कोणी पाहिला नाही तरी त्याचे काही अडत नाही, हे मला त्या करवंटीपाशी कळले. शिकवणारे पुष्कळ भेटतात. आपण शिकवलेले स्वतःच्या अंगावर घेणारे मला तुम्ही एकच भेटलात.

त्या संध्याकाळी घरी जाऊन मी कपाटातली एक वडी काढली आणि न्हाणीत ठेवली. कोणाला काही सांगितले नाही. आठ दिवसांनी सासूबाईंनी विचारले, ‘हा कुठला गो? बरा आहे.’ मी सांगितले. त्यांनी दोन्ही हात उलटे-सुलटे करून पाहिले आणि पुन्हा कामाला लागल्या. परवा नरक चतुर्दशीला उटणे झाल्यावर त्यांनी आतून हाक मारून माझी वडी मागितली, नाव घेऊन, माझीच.

आळीतल्या दोघी-तिघी साबण विकत मागत आहेत. अंगाला लावायचा साबण विकायचा तर आधी परवाना लागतो, हे तुम्ही सांगितलेले लक्षात आहे, त्यामुळे तूर्त कोणाकडून पैसे घेत नाही. मात्र ऑक्टोबरच्या शेवटी तुमच्या हिशेबाने एक घाणा घातला आहे, या खेपेला हळद न घालता. त्यातल्या सहा वड्या तुमच्या आहेत. ओतल्याची तारीख कागदावर लिहून प्रत्येकीखाली ठेवली आहे आणि तुम्ही शिकवल्याप्रमाणे दर रविवारी वजन करते आहे. पहिल्या रविवारी नमुन्याची वडी ११८ ग्रॅम होती, काल ११२ भरली. उतरायची थांबली की घेऊन येते.

तुमची,
पलीकडच्या वाडीतली विद्यार्थिनी