काळूने उंदरांचा केक खाल्ला तेव्हा

गुहागर, मार्गशीर्ष

प्रिय बाळ्या,

कुत्र्याचं पिल्लू घरी आल्याचं कळलं. वहिनी त्याला मांडीवरून खाली उतरू देत नाहीत, हे वाचून फार बरं वाटलं. बाकीचं मागाहून, आधी हे वाच.

भात झोडून झालं की आमच्या माजघरात पोती येतात आणि पोत्यांमागून उंदीर. यंदा मी फटीत उंदीर मारायचा केक ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर आमच्या कुत्र्याच्या, काळूच्या नाकाला निळा चुरा लागलेला आणि अर्धा केक गायब. काळू मात्र शेपटी हलवत उभा. इथेच माणूस फसतो, बाळ्या. त्या केकात ब्रोमॅडिओलोन असतं. ते शरीराला व्हिटॅमिन के वापरू देत नाही, म्हणून रक्त गोठेनासं होतं. रक्तात आधीचे गोठवणारे घटक शिल्लक असतात तोवर, म्हणजे दोन-तीन दिवस, कुत्रा ठणठणीत दिसतो. मग एकाएकी धाप लागते, हिरड्यांतून रक्त येतं, आतल्या आत रक्तस्राव होतो.

शेजारच्या काकू मिठाचं पाणी घेऊन धावत आल्या. त्यांचाही काळूवर जीव, पण मी ते पाजू दिलं नाही. इतक्या मिठाने रक्तातलं सोडियम चढतं, कुत्र्याला झटके येऊ शकतात. मी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी विचारलं, काय खाल्लं, किती, केव्हा, आणि वजन किती? वेष्टन हातात होतं म्हणून त्यावरचं नाव वाचून दाखवता आलं. तसाच त्याला गाडीत घालून चिपळूण गाठलं. डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन ओकारी काढली. भाताच्या लगद्यात निळे तुकडे दिसले आणि मी मटकन खाली बसलो. पुढे महिनाभर व्हिटॅमिन के-१ च्या गोळ्या, तूप-भातात घालून. स्निग्ध खाण्याबरोबर त्या चांगल्या लागू पडतात. गोळ्या थांबवल्यावर ४८ तासांनी पुन्हा रक्त तपासलं. सगळं ठीक निघालं.

पण ओकारी हा सरसकट उपाय नव्हे. टॉयलेट क्लीनर किंवा कॉस्टिक सोडा जाताना घसा जाळतं, येताना पुन्हा जाळतं. रॉकेल, फिनाइल ओकताना फुप्फुसात शिरू शकतं. असं काही चाटलं तर तोंड पाण्याने पुसून थेट डॉक्टरांकडे ने. आपल्याकडे उंदरांसाठी मासळीत काळी पूड कालवून ठेवतात ना, ते झिंक फॉस्फाइड असेल तर पिल्लाला काहीही खाऊ घालू नकोस. खाण्याने पोटातलं आम्ल वाढतं आणि त्या पुडीचा विषारी वायू होतो. वाटेत ओकलं तर गाडीच्या काचा खाली कर, तो वायू आपल्यालाही बाधतो.

जवळच्या डॉक्टरांचा नंबर आजच फोनमध्ये घाल, सरकारी पशुवैद्यकीय सेवेचा १९६२ सुद्धा. आणि उत्तर लिहिशील तेव्हा पिल्लाचं वजन किती भरलं ते कळव.

तुझा,
अण्णा