मंत्रिमहोदय, ७६८ माणसांपर्यंत जायचं भाडं कोण देणार?

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय: एमपीएचच्या विद्यार्थ्यांना विद्यावेतन व फील्डवर्कचा खर्च मिळण्याबाबत

मंत्रिमहोदय, सविनय नमस्कार.

मी मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ, म्हणजे एमपीएचच्या विद्यार्थ्यांना शिकवते. दुसरं वर्ष सुरू झालं की मुलं प्रबंधाचे विषय घेऊन येतात. काही वर्षांपूर्वी नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावकडची एक विद्यार्थिनी अशीच आली. बीएएमएस करून एमपीएचला आलेली. तिचा प्रश्न असा होता: सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी झाली, हातात कार्ड मिळालं, त्यानंतर किती जणांना हायड्रॉक्सीयुरिया आणि फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या नियमित मिळतात? आणि ज्यांना मिळत नाहीत, त्यांची साखळी नेमकी कुठे तुटते? उपकेंद्रात साठा नसतो, की स्थलांतराला गेलेलं कुटुंब परत आल्यावर त्याचं नाव कुणी पुन्हा नोंदवत नाही?

इतका नेमका प्रश्न घेऊन विद्यार्थी क्वचितच येतो. त्यात ती त्याच पाड्यांमधली, पावरी बोलणारी, म्हणजे दुभाष्याचीही गरज नाही. आम्ही बसून नमुना काढला, म्हणजे किती माणसांना विचारायचं ते ठरवलं. आमच्या विषयातल्या प्रत्येकाला पाठ असलेला ३८४ हा आकडा आला. पाडे निवडून त्यांतली माणसं घ्यायची असल्यामुळे डिझाइन इफेक्ट, म्हणजे अशा गटवार निवडीसाठी नमुना वाढवायचा गुणक, दोन धरला आणि आकडा ७६८ झाला. मग खर्च मांडायला घेतला. जीपचं भाडं, सहा आठवडे तिकडे राहणं, सोबत एक मदतनीस, फॉर्मच्या छपाया. ती पुण्यात एका खासगी रुग्णालयात रात्रपाळीला आरएमओ, म्हणजे रुग्णालयात हजर राहणारी डॉक्टर, म्हणून काम करत होती. खोलीचं भाडं आणि जेवण त्यातूनच निघायचं. सहा आठवडे रजा घेतली तर नोकरी जाणार होती.

शेवटी तिने प्रबंध लिहिला तो ‘नर्सिंगच्या विद्यार्थिनींचे सिकलसेलविषयीचे ज्ञान’ या विषयावर. गुगल फॉर्म पाठवला, चार दिवसांत उत्तरं आली. गाइड म्हणून त्या सिनॉप्सिसवर, म्हणजे प्रबंधाच्या आराखड्यावर, माझी सही आहे. ती सही करताना मला वाटलेलं दुःख अजून गेलेलं नाही. हे पत्र त्यातूनच लिहीत आहे.

विद्यार्थ्यांच्या हालअपेष्टांबद्दल पत्रं आपल्याकडे पुष्कळ येत असतील. हाल खरेच आहेत आणि ते कमी व्हायला हवेत. पण मला सांगायचं आहे ते त्याच्या पुढचं आहे. पैसा नसला की विद्यार्थी शिक्षण सोडतोच असं नाही. तो प्रश्न बदलतो. दूरचा प्रश्न सोडून जवळचा घेतो, पाड्यावरच्या माणसाऐवजी ओपीडीत समोर बसलेल्या माणसाला विचारतो, आणि तेही जमलं नाही तर मोबाइलवर फॉर्म भरू शकणाऱ्याला. आमच्या ग्रंथालयातले प्रबंध वर्षानुवर्षांचे काढून पाहा. शहरांतल्या महाविद्यालयीन तरुणांची माहिती, दृष्टिकोन आणि सवयी यांवर किती आहेत आणि अक्कलकुवा, भामरागड, मोखाडा अशा दुर्गम आदिवासी तालुक्यांतल्या घरांवर किती, ते दिसेल. राज्यात कुणाची मोजणी होते आणि कुणाची होत नाही, हे पंचविशीतल्या मुलांच्या खिशावर ठरतं आहे.

मोजणीला मी इतकं महत्त्व का देते, ते गडचिरोलीच्या उदाहरणाने सांगते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तिथल्या ३९ गावांत आधी प्रत्येक जन्माची आणि प्रत्येक बालमृत्यूची नोंद ठेवायला सुरुवात केली. मग गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हा अभ्यास छापून आला, तेव्हा नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचं जगाने वाचलं. २०११पासून आशाताई देशभर घरोघरी जाऊन बाळांना भेटी देतात, त्याच्या मुळाशी हे काम आहे. गावात राहून, पावसाळ्यातही चालत जाऊन, एकेक नोंद ज्यांनी केली त्यांना त्या कामाचा मोबदला मिळत होता. फुकटात ते झालं नसतं.

आता विद्यावेतनाकडे येते. पीएसएम, म्हणजे कम्युनिटी मेडिसिनमध्ये एमडी करणाऱ्या डॉक्टरला निवासी डॉक्टर म्हणून विद्यावेतन मिळतं आणि ते मिळायलाच हवं. त्याच प्राथमिक आरोग्य केंद्रात, तेच सर्वेक्षण करायला जाणाऱ्या एमपीएचच्या विद्यार्थ्याला काही मिळत नाही. माझ्या वर्गात बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस, फिजिओथेरपी, नर्सिंग अशा सगळ्या वाटांनी आलेली मुलं असतात, अधूनमधून एखादा एमबीबीएसही. अभ्यासक्रमातच इंटर्नशिप आहे, जिल्ह्यात जाणं सक्तीचं आहे, पण जाण्यायेण्याचा खर्च ज्याचा त्याने करायचा. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या संशोधन फेलोशिप आहेत, त्या पीएचडीसाठी. शिष्यवृत्त्या आहेत, त्यांतून फी आणि राहण्याखाण्याचा काही भाग निघतो. सहा आठवडे गावात राहून काम करण्याचा खर्च त्यांच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही.

दुसऱ्या एका क्षेत्रात आपल्या देशाने ही गोष्ट कधीच मान्य केली आहे. गेट परीक्षा देऊन एमटेकला गेलेल्या विद्यार्थ्याला दरमहा १२,४०० रुपये मिळतात. त्या बदल्यात तो आठवड्याला आठ-दहा तास विभागाच्या प्रयोगशाळेत किंवा अध्यापनात मदत करतो. ही रक्कम आज फार मोठी राहिलेली नाही, पण तिच्यामागचा विचार पक्का आहे: पदव्युत्तर विद्यार्थी शिकतो तसा कामही करतो, आणि त्या कामाचे पैसे असतात. एमटेकच्या विद्यार्थ्याची प्रयोगशाळा विभागाच्या इमारतीत असते. आमच्या विद्यार्थ्यांची प्रयोगशाळा जिल्हा असते, फरक एवढाच.

आणि जिल्ह्यात काम पडून आहे, हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमात उपकेंद्रातून आरोग्यसेविका एस फॉर्म भरते, डॉक्टर पी फॉर्म भरतात, प्रयोगशाळा एल फॉर्म भरते. या तिन्हींतले आकडे एकमेकांशी जुळतात का, एखाद्या उपकेंद्रातून आठवडेच्या आठवडे ‘शून्य’ का येतं, तिथे खरंच ताप नाही की फॉर्म भरायला माणूस नाही, हे बघायला जिल्हा कार्यालयात हात अपुरे पडतात. २०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या भागांत गुलियन-बारे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे रुग्ण एकदम वाढले, तेव्हा घरोघरी जाऊन विचारावं लागलं, पाण्याचे नमुने घ्यावे लागले, कोण कुठलं पाणी पितं याचा नकाशा डोळ्यांसमोर आणावा लागला. लाइन लिस्ट, म्हणजे एकेका रुग्णाची तपशीलवार यादी, करणं, रुग्णांची आणि पाणीपुरवठ्याची सांगड घालणं हे आम्ही वर्गात पाटीवर शिकवतो. साथ येते तेव्हा हीच मुलं पाच-दहा किलोमीटरवर बसलेली असतात, आणि त्यांना बोलावून घेण्याची कुठलीच ठरलेली वाट नसते.

म्हणून माझी मागणी असिस्टंटशिपची आहे. प्रत्येक जिल्ह्याच्या रोग सर्वेक्षण कक्षाशी एमपीएचचे दोन विद्यार्थी वर्षभर जोडावेत. आठवड्याला ठरावीक तास काम, त्याचं दरमहा विद्यावेतन, आणि प्रबंधाचं क्षेत्र तोच जिल्हा. गेटइतकीच रक्कम धरली तरी ३६ जिल्हे, ७२ विद्यार्थी, बारा महिने असा हिशेब १ कोटी ७ लाख १३ हजार ६०० रुपये होतो. नंदुरबार, गडचिरोली, पालघरसारख्या जिल्ह्यांत प्रवासभत्ता वेगळा द्यावा लागेल, कारण तिथे बस जिथे थांबते तिथून पुढे काम सुरू होतं. राज्याच्या आरोग्य खर्चात ही रक्कम किती आहे, ते आपले वित्त अधिकारी एका वाक्यात सांगतील.

एक काळजी मात्र आधीच बोलून दाखवते. हे विद्यार्थी रिक्त पदांना स्वस्त पर्याय होऊ नयेत. राष्ट्रीय आरोग्य अभियानातली कंत्राटी माणसं आधीच अनिश्चिततेत काम करतात, त्यांच्या जागेवर वर्षभराचे विद्यार्थी बसवणं हा दोघांवरही अन्याय होईल. विद्यार्थ्याला दिवसभर डेटा एंट्रीला बसवायचं नाही, हे शासन निर्णयातच लिहिलेलं असावं. विद्यावेतन महिन्याच्या महिन्याला थेट खात्यात यावं. सात महिन्यांनी एकरकमी आलेले पैसे सावकाराचे होतात, विद्यार्थ्याचे राहत नाहीत.

हे आजवर का झालं नाही, याचं मला दिसणारं कारण अगदी साधं आहे. काही एमपीएच अभ्यासक्रम सर्वसाधारण विद्यापीठांत आहेत, म्हणजे उच्च व तंत्र शिक्षणाकडे. काही वैद्यकीय शिक्षणाच्या अखत्यारीत आहेत. आणि ही मुलं पुढे जिथे काम करणार, तो विभाग आपला. तिन्ही दारं ठोठावून झाली आहेत. प्रत्येक ठिकाणी अधिकारी नीट बोलले, अर्ज घेतला आणि पुढच्या दाराकडे बोट दाखवलं. मला त्यांच्याबद्दल तक्रार नाही, कारण हा विद्यार्थी आपला आहे असं कुठल्याच विभागाच्या कागदावर लिहिलेलं नाही. आपण ते लिहावं, अशी माझी विनंती आहे. २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांनी सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापनाचं स्वतंत्र केडर, म्हणजे त्या कामासाठीचा प्रशिक्षित अधिकारीवर्ग, उभं करावं असं सुचवलं, २०२२ मध्ये केंद्राने त्यासाठी मार्गदर्शक सूचनाही काढल्या. उद्या ते केडर महाराष्ट्रात पूर्णपणे उभं राहील तेव्हा त्यात येणारी माणसं आज माझ्या वर्गात आहेत आणि त्यांतली कित्येक रात्रपाळी करून सकाळच्या तासाला येतात. एपिडेमिऑलॉजीच्या, म्हणजे साथरोगशास्त्राच्या, तासाला कुणाचा डोळा लागला तर मी उठवत नाही.

सुरुवात सगळ्या ३६ जिल्ह्यांत एकदम करा असा माझा हट्ट नाही. सहा जिल्हे घ्या, पण त्यांत नंदुरबार आणि गडचिरोली असू द्या. पुरवणी मागण्यांत बसेल एवढीच ही रक्कम आहे. विद्यार्थी कुठल्या जिल्ह्यात काय काम करतील, त्यावर देखरेख कोण करेल, एथिक्स कमिटीची परवानगी वेळेत कशी मिळेल, याचा आराखडा आम्ही काही शिक्षकांनी मिळून तयार केला आहे. आपण अर्धा तास दिलात तर तो घेऊन मंत्रालयात येऊ.

पुढच्या सत्रात नवी तुकडी विषय ठरवेल. सिनॉप्सिस जमा करायच्या तारखेआधी आपल्या विभागाचा निर्णय आला, तर धडगावचा तो प्रश्न मी पुन्हा फळ्यावर लिहीन आणि कोण घेतंय ते विचारीन. त्या मुलीने काढलेली पाड्यांची यादी अजून माझ्याजवळ आहे.

आपली विश्वासू,
सार्वजनिक आरोग्याची एक शिक्षिका, पुणे