स्वीय सहायकाची ओळख आणि उद्योग सल्लागाराची फी

मा. संपादक,
स. न.

आपल्या दैनिकाच्या करिअर पुरवणीत मंत्री कार्यालयात काही वर्षे काम करून पुढे उद्योग सल्लागार झालेल्या आपल्याच भागातील एका तरुणाची वाटचाल कौतुकाने प्रसिद्ध झाली. खान्देशातील मुलांनी अशा वेगळ्या वाटा निवडाव्यात हा त्यामागचा हेतू चांगलाच आहे. मात्र ही वाट मी स्वतः चाललो असल्याने तिच्याविषयी जे त्या लेखात आले नाही, ते लिहिणे मला आवश्यक वाटते. मी बारा वर्षे एका लोकप्रतिनिधींचा स्वीय सहायक होतो. त्यांपैकी काही काळ ते मंत्री असल्याने माझा मुक्काम मंत्रालयातच असे.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की या कामातून मिळणारे ज्ञान खरे असते आणि त्याला मोल असते. कोणता विषय कोणत्या विभागाचा, नस्ती (म्हणजे सरकारी फाइल) कक्ष अधिकाऱ्याकडून अवर सचिवांकडे आणि तेथून उपसचिवांकडे कशी जाते, ‘उचित कार्यवाहीसाठी’ हा शेरा आणि ‘तपासून सादर करावे’ हा शेरा यांत व्यवहारात किती अंतर आहे, हे कोणत्याही महाविद्यालयात शिकवले जात नाही. जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका डाळ मिलच्या मालकांचे अनुदान अनेक महिने अडले होते आणि कोणीतरी मुद्दाम अडवत आहे अशी त्यांची खात्री झाली होती. प्रत्यक्षात बांधकाम पूर्णत्वाचा दाखला जोडलेला नव्हता, एवढेच कारण होते. दहा मिनिटांत ते सापडले. असा सल्ला कोणी फी घेऊन दिला तर त्यात गैर काहीच नाही. उद्योगांना सवलती देणाऱ्या सामूहिक प्रोत्साहन योजनेच्या अटी, प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतिपत्र, वाढीव वीजभाराचा अर्ज यांत लहान उद्योजक खरोखरच गोंधळून जातो. त्यातून जळगावहून मुंबई चारशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. रात्रीची गाडी पकडून गेलेला माणूस दुपारी प्रवेशपत्र मिळेपर्यंत ताटकळतो आणि ‘साहेब बैठकीत आहेत’ हे ऐकून परत फिरतो. मध्यस्थाची गरज या अंतरातून निर्माण झाली आहे.

माझा आक्षेप दुसऱ्या गोष्टीला आहे आणि तो सांगताना मला स्वतःपासूनच सुरुवात करावी लागेल.

निवडणुकीनंतर माझे काम संपले तेव्हा एका कंपनीने मला सल्लागार म्हणून बोलावले. मुलाखतीत त्यांनी मला ना योजनेविषयी विचारले, ना कायद्याविषयी. ‘साहेबांना तुमचा फोन अजून लागतो ना?’ आणि ‘विभागात तुम्हाला ओळखणारे कोण कोण आहे?’ हे दोनच प्रश्न त्यांनी फिरवून फिरवून विचारले. घरची जबाबदारी होती, मानधन पूर्वीच्या चौपट होते. मी होकार दिला आणि सात महिने ते काम केले. शेवटच्या महिन्यात कंपनीच्या एका प्रस्तावासाठी मी मंत्रालयातील एका कक्षात गेलो. मला पाहताच तेथील अधिकारी उठून उभे राहिले. त्यांच्या आईच्या आजारपणात त्यांच्या बदलीचा अर्ज मीच मंत्र्यांपुढे ठेवला होता. मी काही मागण्यापूर्वीच त्यांनी टेबलावरच्या गठ्ठ्याच्या तळातून आमची नस्ती काढून वर ठेवली. बाहेरच्या बाकावर दोंडाईच्याचा मिरचीपूड तयार करणारा एक उद्योजक बसला होता. मी बाहेर आल्यावर त्याने आपुलकीने विचारले, ‘भाऊ, तुम्हनं काम व्हयनं का?’ त्याचा अर्ज आमच्या आधीचा होता, हे मला गठ्ठ्यावरून दिसले होते. मी त्याला काय उत्तर दिले ते आठवत नाही, पण त्या महिन्याअखेर मी ते काम सोडले.

त्या दिवशी कायदा कोणीही मोडला नाही. लाच दिली गेली नाही, खोटा कागद जोडला गेला नाही. तरीही जी ओळख कंपनीच्या कामी आली, ती मी सरकारी तिजोरीतून मानधन घेत असताना, जनतेची कामे करताना मिळवलेली होती. ती विकण्याचा अधिकार मला कोणी दिला होता? ज्ञान विकणे आणि ओळख विकणे यांतील ही रेषा कौतुकाच्या लेखांतून पुसली जाते, आणि नेमकी तीच नव्या मुलांना दाखवायला हवी.

हा प्रश्न आपल्याकडचाच आहे असेही नाही. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर यांनी 1982 मध्ये सल्लागार कंपनी काढली. एकेकाळी त्यांचे सहायक असलेले लॉरेन्स ईगलबर्गर 1984 मध्ये परराष्ट्र खात्यातून निवृत्त होऊन त्या कंपनीचे अध्यक्ष झाले आणि 1989 मध्ये पुन्हा त्याच खात्यात उपमंत्री म्हणून परतले. फरक इतकाच की परतताना त्यांना सिनेटच्या समितीसमोर आपल्या ग्राहकांविषयी उत्तरे द्यावी लागली. पुढे 2002 मध्ये 11 सप्टेंबरच्या हल्ल्यांची चौकशी करणाऱ्या आयोगाचे अध्यक्षपद स्वतः किसिंजर यांनी सोडले, कारण ग्राहकांची नावे जाहीर करण्याची मागणी होत होती. किमान तेथे हा प्रश्न विचारला तरी गेला.

आपल्याकडे भारतीय प्रशासकीय सेवेतील अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर एक वर्षाच्या आत खाजगी कंपनीत जायचे असल्यास सरकारची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. ही मुदत पूर्वी दोन वर्षांची होती. परंतु हे बंधन निवृत्तिवेतनाच्या नियमांतून येते. बाहेरून नेमलेला स्वीय सहायक किंवा विशेष कार्य अधिकारी निवृत्तिवेतनधारक नसतो, त्यामुळे तो या नियमांच्या जाळ्यात येतच नाही. आज संध्याकाळी तो मंत्र्यांच्या दालनातून बाहेर पडला, तर उद्या सकाळी त्याच दालनात कंपनीचा प्रतिनिधी म्हणून बसू शकतो. मंत्री आस्थापनेवर, म्हणजे मंत्र्यांच्या कार्यालयातील पदांवर, कोण यावे याची छाननी अलीकडे होऊ लागली आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये मुख्यमंत्र्यांनी, आलेल्या 125 नावांपैकी 109 नावे मंजूर केल्याचे आणि आरोप किंवा चौकशी असलेली नावे रोखल्याचे जाहीरपणे सांगितले. हे पाऊल स्वागतार्ह आहे. मात्र आत येणाऱ्याची तपासणी होते, बाहेर पडणाऱ्याकडे कोणी पाहत नाही.

मे 2025 मध्ये विधिमंडळाच्या अंदाज समितीच्या दौऱ्याच्या वेळी धुळ्याच्या शासकीय विश्रामगृहात मोठी रोकड सापडली, तेव्हा बातम्यांमध्ये स्वीय सहायकाचा उल्लेख लगेच झाला. त्या प्रकरणी दोष कोणाचा हे तपास ठरवील, मला त्यावर बोलायचे नाही. परंतु त्यानंतर अनेक दिवस माझ्या ओळखीच्या प्रामाणिक सहायकांकडेही लोक वेगळ्या नजरेने पाहत होते. रात्री दोन वाजता अपघातग्रस्ताला खाट मिळवून देणारी, केळीच्या विम्याची कागदपत्रे घेऊन कृषी कार्यालयात दिवसभर थांबणारी ही माणसे आहेत. नियम झाले तर सर्वांत आधी त्यांचे भले होईल.

म्हणून मागणी साधी आहे. मंत्री आस्थापनेवरील प्रत्येक नियुक्तीच्या आदेशातच अशी अट असावी की काम सुटल्यावर किमान एक वर्ष त्या व्यक्तीने त्याच विभागाशी संबंधित कोणत्याही खाजगी ग्राहकाचे काम घेऊ नये, आणि नंतर घेतल्यास ग्राहकाचे नाव विभागाला लेखी कळवावे. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातील कलम 4 प्रमाणे विभागांनी आपली माहिती स्वतःहून जाहीर करायची असते. त्यात ही नावेही यावीत. दप्तर दिरंगाईच्या कायद्यानुसार सर्वसाधारणपणे कोणतीही नस्ती एका टेबलावर सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा अधिक पडून राहता कामा नये. ही तरतूद नीट पाळली गेली, तर दोंडाईच्याच्या त्या उद्योजकाला कोणाच्या ओळखीची गरजच उरणार नाही.

आपल्याला एक विनंती. पुढच्या वेळी अशी वाटचाल छापताना त्या व्यक्तीला आपले ग्राहक कोण आणि त्यांची कामे कोणत्या विभागात आहेत, एवढे जरूर विचारावे. माझ्या सात महिन्यांतील भेटी मी तारखांसह वहीत लिहून ठेवल्या आहेत. असा नियम झाला तर पहिली यादी मी सादर करीन.

(माझे नाव आणि पत्ता आपल्याकडे दिला आहे. ज्यांच्याकडे मी काम केले त्यांची ओळख पटू नये यासाठी तो छापू नये.)

आपला विश्वासू,
एक माजी स्वीय सहायक
चोपडा, जि. जळगाव