कुसुमआत्याला कावीळ नव्हती

सांगली,
रविवार दुपार

चि. सौ. शुभदास अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर दोनदा सांगायला गेलो आणि दोन्ही वेळा हळदीचा भाव नि कृष्णेचं पाणी एवढंच बोलून फोन ठेवला. तुझ्या दादाला समोर बसवून सांगितलं. लेकीशी शौचाच्या गोष्टी बोलायला मात्र जीभ रेटत नाही, म्हणून पत्र.

आधी माझं खोटं निस्तरतो. कुसुमआत्या काविळीने गेली नाही. १९९७ साली, वयाच्या ४४व्या वर्षी, ती गर्भाशयाच्या कॅन्सरने गेली. मिरजेच्या सगळ्या खेपा मीच केल्या होत्या. तुझ्या लग्नाच्या बैठकीत तुझ्या सासऱ्यांनी सहज विचारलं, "एवढ्या लवकर गेल्या, काय झालं होतं?" माझ्या तोंडून कावीळ निघून गेलं. कॅन्सरचं घर म्हटलं की स्थळ मागे फिरतं, ही धास्ती. मग ती कावीळच घरात रूढ झाली. तुझे आजोबा ४९व्या वर्षी पोट फुगून गेले, त्यालाही गावात कुणी करणी म्हणायचं, कुणी पोटाचा गोळा. आम्ही कुणी विचारलंच नाही.

गेल्या वर्षीच्या माझ्या ऑपरेशनबद्दल तुला एवढंच ठाऊक, की मोठ्या आतड्यात गाठ होती, ती काढली. ती सापडली कशी ते ऐक. वर्षभर जिना चढताना धाप लागायची. हिमोग्लोबिन ८च्या खाली. लोहाच्या गोळ्या घेतल्या की वर, थांबवल्या की परत खाली. "वय झालं," असं नेहमीचे डॉक्टर म्हणाले आणि मलाही ते सोयीचं वाटलं. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रिपोर्ट पाहून विचारलं, "काका, पाळीच्या वयातल्या बाईचं रक्त का कमी होतं ते समजतं. तुमचं कुठून गळतंय?"

शौचात रक्त मला एकदाही दिसलं नव्हतं. माझी गाठ उजव्या बाजूला होती. तिथे आतडं रुंद असतं आणि मळ पातळ, त्यामुळे काही अडत नाही, दुखत नाही. थेंबथेंब रक्त मळात मिसळून जातं. डाव्या बाजूला किंवा गुदाशयात गाठ झाली तर खुणा वेगळ्या: लाल रक्त, कधी बद्धकोष्ठ तर कधी जुलाब, जाऊन आलं तरी पोट साफ न झाल्यासारखं वाटणं. यार्डातल्या आमच्या एका हमालाला हे सगळं होत होतं. तो वर्षभर मूळव्याधीचं मलम लावत राहिला. दाखवायची लाज. शेवटी दाखवलं तेव्हा यकृतापर्यंत गेलं होतं.

त्यात यार्डात माझी थट्टा. चौतीस वर्षं हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी, नाकातोंडात हळद, आणि हळद खाल्ली की कॅन्सर होत नाही म्हणतात! आपल्या सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते आतड्याची हमी देत नाही गं. हळदीतलं कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फारच थोडं शोषलं जातं. जेवणात घालावी, औषध म्हणून तिच्या भरवशावर राहू नये.

तर त्या डॉक्टरांनी घरात कुणाला कॅन्सर होता का, असं विचारलं. त्यांनाही मी म्हणालो, "नाही, बहीण काविळीने गेली." बघ, सवय. तेव्हा तुझी आई शेजारून म्हणाली, "अहो, इथे तरी खरं सांगा." गर्भाशयाचा कॅन्सर ऐकल्यावर डॉक्टर लिहिता लिहिता थांबले. माझी काढलेली गाठ पुन्हा तपासायला गेली, मग माझं रक्त गेलं. निघालं ते असं: लिंच सिंड्रोम. घराण्यातून उतरणारा दोष.

तुला माझ्याच भाषेत सांगतो. पेशी दुप्पट होताना आतली सगळी कीर्द नव्याने उतरवली जाते. उतरवताना चुका होणारच. दुकानात मी संध्याकाळी ताळा घ्यायचो, तसा चुका पकडून दुरुस्त करणारा कारकून पेशीतही असतो. आमच्या घरात त्या कारकुनाच्या जनुकाची एक प्रत जन्मतःच खराब आहे. दुसरी प्रत काम चालवते. एखाद्या पेशीत तीही बिघडली, की तिथे चुका साचत जातात. बहुतेक करून आतड्यात आणि बायकांच्या गर्भाशयात. म्हणजे कुसुमचा आजार आणि माझा आजार एकाच खात्यावरचा.

ही खराब प्रत माझ्याकडून तुझ्यात आली असण्याची शक्यता निम्मी. दादाचीही तेवढीच. आली म्हणजे कॅन्सर होणारच असं नाही. एका साध्या रक्ततपासणीत ते कळतं. तुझ्यात नसेल तर सईला हा धोका आपल्याकडून नाही. असेल तरी तिला आत्ता तपासायचं नसतं, मोठी झाल्यावर ती ठरवेल.

तुझ्यात निघाली तर दर एक-दोन वर्षांनी दुर्बिणीची तपासणी, कोलोनोस्कोपी. एरवी आतड्यातल्या मांसल कोंबाचा कॅन्सर व्हायला साधारण दहा वर्षं लागतात. लिंचमध्ये फार लवकर होतो, म्हणून तपासण्याही लवकर लवकर. कोंब दिसला की तिथेच तारेच्या फासाने कापतात. तो काढला की त्याचा कॅन्सर होत नाही. तपासणी झोपेच्या इंजेक्शनखाली होते, काही कळत नाही. त्रास आदल्या रात्रीचा. ते खारट-आंबट पाणी लिटर-लिटर पिऊन मी संडासातच मुक्काम ठोकला होता. गर्भाशयाचं तुझ्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना विचार. पाळीशिवाय रक्त गेलं तर एक दिवसही थांबू नकोस.

जावईबापूंना मात्र घाबरवू नकोस. आतड्याचा कॅन्सर झालेल्या शंभरांत लिंचवाले तिघंच असतात. बाकीच्यांना वय, तंबाखू, दारू, सुटलेलं पोट, मधुमेह, दिवसभराचं बैठं काम अशी कारणं असतात. यातलं गादीवरचं बसणं आणि तंबाखूची चिमूट माझ्याकडेही होती, हे लपवत नाही. त्यांच्या न्याहारीतल्या सॉसेजबद्दल एवढंच सांग: खारवलेलं, धुरावलेलं, डबाबंद मांस कॅन्सर घडवतं असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २०१५ साली जाहीर केलं. रोज ५० ग्रॅम खाल्लं तर धोका १८ टक्क्यांनी वाढतो. शंभरांत अठराजणांना होतो असं नव्हे, मूळ धोका तेवढ्याने वाढतो. आपलं मटण 'बहुधा कॅन्सर घडवतं' या गटात आहे, म्हणून मी रविवारचं महिन्यावर आणलं. तांबड्या रश्श्याशिवाय जगणं मला जमणार नाही.

डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली, ती डोक्यातून जात नाही. १८९५ साली अमेरिकेत मिशिगनला एक शिवणकाम करणारी बाई होती. तिने डॉक्टर वॉर्थिनना सांगितलं, आमच्या घरातली माणसं आतड्याच्या, पोटाच्या नाहीतर बायकांच्या कॅन्सरने जातात, मीही तशीच जाणार. गेलीही, गर्भाशयाच्याच कॅन्सरने. पण वॉर्थिननी तिच्या घराण्याची नोंद ठेवून १९१३ साली छापली, आणि आज आपल्या दोषाचं जे काही कळलंय त्याची सुरुवात तिथून आहे. ती बाई जे होतं ते बोलली. मी बैठकीत सुपारी फोडायच्या घाईत होतो.

रिपोर्टची झेरॉक्स सोबत आहे, ती पुण्यात जनुकीय सल्ला देणाऱ्या डॉक्टरांना दाखव. घराण्याचा तक्ताही मी पाठकोऱ्या कागदावर काढलाय: कोण, कोणत्या वयात, कशाने. तुझ्या सासऱ्यांना सांगायचं तर मी येऊन सांगेन. खोटं मी बोललो होतो, तू नाहीस. भडंग वेगळ्या पिशवीत आहे.

तुझे,
अण्णा

ता. क. आईने पत्र वाचलं. म्हणाली, "वन्संना ४४ नव्हतं लागलं. ४३च. चैत्रात लागलं असतं." तक्त्यावर मी खाडाखोड करून बरोबर केलंय, तेवढं बघून घे.